उणे ऐंशी अंशांवरच्या दोन बहिणी

दचकू नका. या बोळात शिरल्याशिरल्या जी घरघर ऐकू येते ना, ती माझी. मी एक फ्रीजर बोलतोय. स्वयंपाकघरातला नव्हे. दूध, भाजी, बर्फाचे खडे यांच्याशी माझा आयुष्यात संबंध आला नाही. मी रक्तावर संशोधन करणाऱ्या संस्थेतला डीप फ्रीजर. परवापरवापर्यंत माझ्या आत उणे ऐंशी अंश असायचे. उघड्या हाताने काही काढायला गेला असतात तर बोटांची कातडी चिकटून राहिली असती. पण स्वभाव म्हणाल तर मी तापट नाही, हे तुम्हीही मान्य कराल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जाड पत्र्याच्या दोन भिंती, मध्ये फुगलेला फेस आणि खाली दोन कॉम्प्रेसर. पहिल्याने दुसऱ्याला गार करायचं आणि दुसऱ्याने मला. एक रुसला की दुसऱ्याचं काही चालत नाही. नवराबायकोच म्हणा ना.

संस्थेत आलो तेव्हा मला प्रयोगशाळेत ठेवायचं ठरलं होतं. पण दार चार बोटं अरुंद निघालं. चार माणसांनी मला आडवं केलं, तिरकं केलं, दाराचं बिजागर काढून पाहिलं, शेवटी घाम पुसत इथेच सोडलं, प्रयोगशाळा आणि रक्त काढायची खोली यांच्यामधल्या बोळात. त्या चार बोटांचे माझ्यावर फार उपकार आहेत. कारण माझ्यासमोर एक लाकडी बाक आहे. रक्त देऊन झालं की माणसाला दहा मिनिटं कोपरावर कापूस दाबून तिथे बसवतात. एक हात गुंतलेला, समोर बघायला फक्त मी. माणूस काय करणार? बोलतो. माझं सगळं शिक्षण त्या बाकावर झालं.

मला पहिल्यांदा ज्याने सुरू केलं तो इथला तंत्रज्ञ. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, शर्टाच्या खिशात पाच रंगांची पेनं घेऊन फिरायचा. आता सगळे त्याला काका म्हणतात, म्हणून मीही काका म्हणतो. पेनं अजून पाचच आहेत.

त्या काळी इथे मोठे सर होते. रंग, पॉलिश, थिनर यांत ज्यांचं आयुष्य जातं अशा लोकांचा अभ्यास त्यांनी काढला होता. एकाच कारखान्यात, एकाच वासात तीस वर्षं काढलेल्या दोघांपैकी एकाला कॅन्सर होतो आणि दुसरा ठणठणीत राहतो, हे कशामुळे? आजारी पडल्यावर रक्त तपासणारे पुष्कळ असतात. सरांना धडधाकट माणसांचं रक्त हवं होतं. ते आज जपून ठेवायचं, वर्षं जाऊ द्यायची आणि मग बघायचं, कोणाचं काय झालं.

आठशे माणसं आली. त्यांत या दोन बहिणी होत्या. थोरली अडतीस वर्षांची, धाकटी चौतीसची. वडिलांचं लाकडी सामानाला पॉलिश करायचं दुकान दोघी मिळून चालवायच्या. दोघींच्या नखांच्या कडा कायमच्या तपकिरी झालेल्या. त्या आल्या आणि अख्ख्या बोळाला थिनरचा वास सुटला.

"दादा, किती काढणार?" थोरलीने विचारलं.

"दोन चमचे."

"मग हिचं चार काढा. हिच्यात उष्णता जास्त आहे."

"आणि हिचं काढायच्या आधी सुईला विचारा," धाकटी म्हणाली. "ताईची कातडी आहे ती. सँडपेपर झिजतो हिच्यापुढे."

रक्त देऊन दोघी बाकावर खेटून बसल्या. फॉर्म भरायचा होता. धाकटीने मोठ्याने वाचलं, "'माझ्याविषयी काही आढळल्यास मला कळवावे.' करू खूण?"

"कर की. रक्त आपलं आणि आपल्यालाच कळायला नको?"

दोघींनी खुणा केल्या. काकांनी त्या नळ्या यंत्रात गरगर फिरवल्या. रक्ताचे थर वेगळे झाले: वर पिवळं पाणी, खाली लाल गाळ आणि मध्ये सायीसारखा एक पातळसा पांढरा पापुद्रा. "यातच सगळी फौज असते," काका नव्या मुलांना सांगायचे. ती पांढरी साय दोन छोट्या नळ्यांत भरून त्यांनी माझ्याकडे दिली. एकशे सतरा आणि एकशे अठरा. एकाच खोक्यात, शेजारी शेजारी.

मग मोठे सर निवृत्त झाले. अभ्यास अर्ध्यावर राहिला. नवीन माणसं आली, त्यांचे नवीन विषय आले, त्यांची खोकी माझ्या वरच्या कप्प्यांत आली आणि आठशे माणसं तळाशी गेली. नऊ वर्षं काकांखेरीज त्यांना कुणी हात लावला नाही. माझ्या भिंतींवर बोटभर हिम साचलं. काका वर्षातून एकदा प्लास्टिकच्या सुरीने ते खरवडायचे आणि खालची खोकी मोजून पुन्हा जागच्या जागी ठेवायचे. "आहेत सगळे," एवढंच म्हणायचे.

आणि मग एका उन्हाळ्यात, सुट्टीच्या दिवशी भर दुपारी, माझा एक कॉम्प्रेसर बंद पडला.

तो दिवस मी विसरणार नाही. माझ्या छातीवरचे आकडे उतरायला लागले. म्हणजे थंडी उतरायला लागली. उणे ऐंशी, उणे एकाहत्तर, उणे साठ. माझी घंटा वाजत होती, पण इमारतीत होतं कोण? आठशे माणसं माझ्या भरवशावर होती आणि मी हातपाय गाळून उभा होतो. उणे बावन्नला जिन्यावर चपला वाजल्या. काका. घरी त्यांना म्हणे चैन पडेना. "एवढं ऊन आहे, एकदा बघून येतो" म्हणून बायकोला सांगून निघाले होते. त्यांनी कोरड्या बर्फाच्या पेट्या ओढत आणल्या, जाड हातमोजे चढवले आणि एकेक खोकं शेजारच्या विभागातल्या फ्रीजरमध्ये नेलं. एकेचाळीस फेऱ्या. शेवटचं खोकं पोचवून ते बाकावर बसले, तेव्हा त्यांच्या भुवयांवर हिम होतं आणि पाठीवर घाम.

मी दुरुस्त झालो. खोकी परत आली. पण आता ती वरच्यांच्या नजरेत आली होती. आठवड्याने कार्यालयातले साहेब आले.

"ही जुनी खोकी कुणाची?"

"आठशे माणसांची आहेत, साहेब."

"इतकी वर्षं कुणी विचारलं का त्यांना? टाकून द्या. जागा होईल."

काकांनी मान डोलावली. मग म्हणाले, "चालेल. फक्त लोकांनी ते आपल्याला जपायला दिलंय, तेव्हा प्रत्येकाला पत्र जायला हवं, 'तुमचं रक्त टाकून देतोय' म्हणून. मी लिहितो सगळी. सह्या तेवढ्या तुम्ही करा."

आठशे सह्या म्हटल्यावर साहेबांनी उघडलेलं पेन बंद करून खिशात ठेवलं. "बघू पुढे," म्हणाले आणि गेले. काकांनी माझं दार लावलं आणि त्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मला गरम हाताची सवय नाही, पण तो हात बरा वाटला.

त्यानंतर काही वर्षांनी मॅडम आल्या. केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, चालताना चपला फटकफटक वाजायच्या. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी हा त्यांचा विषय. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं दार उघडून विचारलं, "तळाशी काय आहे?"

काकांनी सांगितलं.

"थांबा. हे सगळे रक्त देताना निरोगी होते?"

"सगळे."

"आणि आता वीस-बावीस वर्षं झाली?"

"झाली."

मॅडम मटकन बाकावर बसल्या. "काका, हे जमवायला मी आज सुरुवात केली असती ना, तर कामाला लागेपर्यंत माझं निवृत्तीचं वय झालं असतं."

त्या बोळात उभ्याउभ्याच विद्यार्थ्यांना समजावून सांगायच्या, त्यामुळे मलाही थोडं कळलं. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात अधूनमधून एखादी पेशी वाट चुकते. पांढऱ्या पेशींतले काही पहारेकरी तिला ओळखतात आणि तिथल्या तिथे निकालात काढतात. पण सगळ्यांचे पहारेकरी सारखे नसतात. त्यांना घडवणारा मजकूर आईवडिलांकडून येतो आणि त्यात माणसामाणसाला एखाद्या अक्षराचा फरक असतो. "कुठे ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं असतं," मॅडम म्हणायच्या. "बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. पण एखाद्या ठिकाणी झालं तर पहारेकऱ्याला चोर ओळखायला कदाचित जरा जास्त वेळ लागत असेल. कदाचित." हा 'कदाचित' त्या दिवसातून चाळीस वेळा म्हणायच्या. काकांनी एकदा मोजला होता.

काका फोनला बसले. आठशेपैकी कुणी घर बदललेलं, कुणी जग सोडलेलं. तरी सहाशेवर माणसं सापडली. त्यांत एकशे सतरा आणि एकशे अठराही सापडल्या. काकांनी दोघींना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलावलं. त्यांना वाटलं, मागच्यासारख्याच येतील.

त्या आल्या, पण वेगवेगळ्या. थोरली साठीची, केस पांढरे, गुडघा धरून चालणारी. धाकटी दहा मिनिटांनी आली. थोरलीला बघून दारातच थबकली. रक्त दिल्यावर दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या आणि मध्ये थोरलीची पर्स.

"कशा आहात, ताई?" काकांनी विचारलं.

"तीन वर्षांपूर्वी मूत्राशयाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं. आता बरी आहे. दर सहा महिन्यांनी तपासून येते," थोरलीने पाढे म्हणावेत तसं सांगितलं.

"सात महिने लपवलं, तेही सांग," धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली. "दादा, सात महिने हिच्या लघवीतून रक्त जात होतं, आणि रोज माझ्या शेजारी उभी राहून ही टेबलं घासत होती."

"मग काय बोंब मारायची होती? लघवीचं काय चारचौघांत बोलतात?"

"मी चारचौघं?"

काकांना कुठे बघावं कळेना. ते माझ्या छातीवरचे आकडे वाचायला लागले.

थोरलीचा आवाज चढला. "दादा, तुम्हीच सांगा. मी आयुष्यभर तोंडाला फडकं बांधून काम केलं. ही तोंडात सिगारेट धरून थिनरचा डबा उघडायची. आणि झालं कुणाला?"

"आता कशाला आडून आडून बोलतेस?" धाकटी म्हणाली. "दवाखान्यात सरळ तोंडावर म्हणाली होतीस ना, 'हे तुला व्हायला हवं होतं' म्हणून."

 फक्त माझी घरघर चालू होती, आणि मला वाटलं, हीसुद्धा थोडा वेळ थांबती तर बरं. थोरली कोपरावरच्या कापसाकडे बघत राहिली. दहा मिनिटं झाली तशी धाकटीने कापूस डब्यात टाकला आणि ती निघून गेली. मग थोरलीने काकांना सांगितलं तेव्हा मला समजलं, तीन वर्षं या बहिणी कामापुरतं सोडून एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. दुकान एकच, पण एक पुढच्या खोलीत आणि एक मागच्या.

जुन्या सायीतून मॅडमनी अक्षरं वाचली. नव्या रक्तातले जिवंत पहारेकरी घेऊन त्यांनी आजारी पेशींसमोर सोडले आणि कोण किती वेळात ओळखतो ते पाहिलं. हे जिवंतपणाचं काम माझ्याकडून होत नाही. माझ्या थंडीत मजकूर टिकतो, पहारेकरी मरतात. ज्याचं काम त्याने करावं.

काही महिन्यांनी निकाल आला. ज्यांनी फॉर्मवर खूण केली होती त्यांना, अशा संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या कमिटीची परवानगी घेऊन, मॅडम एकेकाला बोलावून सांगत होत्या. बहिणी आल्या. पुन्हा दोन टोकं, पुन्हा मध्ये पर्स.

"आत बसू या का? आणि हवं तर वेगवेगळं सांगते," मॅडम म्हणाल्या.

"माझा गुडघा उठू देत नाही. इथेच सांगा," थोरली म्हणाली.

"तिच्यासमोरच सांगा," धाकटी म्हणाली. "लपवालपवी पुरे झाली."

मॅडम समोर स्टूल घेऊन बसल्या. "आम्हाला एक अक्षर सापडलंय. पहारेकरी पेशींच्या मजकुरातलं. ज्यांच्यात ते बदललेलं आहे, त्यांच्यात आजार थोडा जास्त दिसतो. समजा, इतरांत शंभरात तिघांना होत असेल, तर यांच्यात चौघांना. म्हणजे पन्नास-साठ नव्हे, तीन आणि चार. आणि हा आमचा एकट्यांचा अभ्यास आहे. दुसऱ्यांनी तपासून बघेपर्यंत मी 'कदाचित'च म्हणणार."

थोरलीने मान हलवली. चेहरा कसा सुटल्यासारखा झाला. "म्हणजे ते अक्षर माझ्यात आहे. तरीच. मी म्हणतच होते, काहीतरी कारण असणार."

"नाही ताई. तुमच्यात ते नाही. तुमचे पहारेकरी चांगले चपळ आहेत."

"मग?"

मॅडमनी धाकटीकडे बघितलं. "तुमच्यात आहे."

 मग थोरली हळूच म्हणाली, "बघा म्हणजे. पहारेकरी जागा आणि चोरी माझ्याच घरी."

"होतं असं. थिनर आहे, वय आहे, आम्हाला अजून न सापडलेल्या शंभर गोष्टी आहेत, आणि काही निव्वळ योगायोग आहे," मॅडम म्हणाल्या. "शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात ना? आमच्या कामात त्याच्या उलट करायला गेलं की फसतं. सहाशे माणसांचा भात कसा आहे ते मी सांगू शकते. त्यातलं एक शीत, म्हणजे तुम्ही, कसं निघणार ते मला सांगता येत नाही. तुम्हाला का झालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, ताई. पण तुमची चूक म्हणून झालं नाही. आणि यांच्यामुळे तर अजिबात नाही."

धाकटी ऐकत नव्हती. तिचा हात खिशातल्या सिगारेटच्या पाकिटावर गेला आणि विस्तव लागल्यासारखा मागे आला. "म्हणजे माझं अजून यायचंय," ती म्हणाली.

तिचा चेहरा मला समोरून दिसत होता. थोरलीला बाजूने दिसत असावा. तिने मधली पर्स उचलून खाली जमिनीवर ठेवली, आणि दुखऱ्या गुडघ्यासकट बाकावरून सरकत सरकत धाकटीला चिकटून बसली.

"छोटे, ऐक. यायचंय-बियायचंय काही नाही. तीन आणि चार म्हणाल्या ना त्या? शाळेत गणितात माझ्यापेक्षा तूच हुशार होतीस."

धाकटी नखाची तपकिरी कड खरवडत राहिली.

"मी तेव्हा बोलले ते चुकीचं बोलले," थोरली म्हणाली. "मला ते कुणाच्या तरी माथी मारायचं होतं. तू सगळ्यांत जवळ होतीस."

"तीन वर्षं लागली तुला हे म्हणायला."

"लागली. कातडी जाड आहे ना माझी." मग एकदम दुकानातल्या आवाजात, "आता दर सहा महिन्यांनी मी जाते तेव्हा तूही यायचं. मॅडम, हिची लघवी तपासतील ना तिथे?"

"तिथल्या डॉक्टरांना मी चिठ्ठी देते. आणि रक्त दिसलं, आग झाली, काहीही झालं, तर त्याच दिवशी जायचं. लवकर सापडलं की हा आजार पुष्कळदा ऐकतो. शिवाय अक्षर काही तुमच्या हातात नाही. सिगारेट आहे."

"सोडते," धाकटी म्हणाली.

"'सोडते' नको. पाकीट इकडे," थोरलीने हात पुढे केला. धाकटीने मुकाट दिलं. थोरलीने ते काकांच्या हातावर ठेवलं. काकांनी पाकिटाकडे बघितलं, मग इकडेतिकडे, मग माझ्याकडे.

"त्यात नाही हं, काका!" मॅडम ओरडल्या, आणि सगळ्यांत आधी धाकटी हसली. नाक पुसत हसली.

जाताना थोरलीने तिचा आधार घेतला. गुडघ्यासाठी घेतला असेल. पण जिना उतरताना दोघी भांडत होत्या, दुकानाच्या मागच्या खोलीला खिडकी पाडायची आणि पंखा लावायचा की दोन पंखे लावायचे यावर. ते भांडण ऐकून काकांनी माझ्या दारावर टपली मारली. "जमलं रे," म्हणाले.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. धाकटीची तपासणी चार वेळा झाली, चारही वेळा स्वच्छ निघाली. थोरलीही बरी आहे. दुसऱ्या एका ठिकाणच्या लोकांनी आपल्याकडची माणसं तपासली, तर त्यांनाही त्याच अक्षरापाशी तसंच काहीसं दिसलं. मॅडमचा 'कदाचित' आता दिवसाला पंचवीसवर आलाय.

माझं म्हणाल तर वय झालं. आमच्यातले बरेच जण पंधरा वर्षांतच दम टाकतात, मी चोवीस काढली. उणे ऐंशी आता झेपत नाही. गेल्या महिन्यात शेजारी एक नवा फ्रीजर आला. देखणा आहे, आवाजसुद्धा करत नाही, त्यामुळे त्याच्याशी गप्पा मारायची पंचाईत होते. आठशेच्या आठशे माणसं काकांनी त्याच्याकडे सोपवली. एकशे सतरा आणि एकशे अठरा जाताना जरा चुकचुकल्यासारखं झालं खरं. मला उणे विसावर लावून बर्फाच्या पिशव्या दिल्यात. हलकं काम आहे. बाक समोरच आहे. एवढ्यात मी समाधानी आहे.

तुम्ही इथवर ऐकलंत म्हणून एक सांगू? कधी कुणी अभ्यासासाठी तुमचं दोन चमचे रक्त मागितलं, तर आधी चार प्रश्न विचारा, फॉर्म नीट वाचा, आणि पटलं तर हात पुढे करा. ते कुणाच्या उपयोगाला येईल, सांगता येत नाही. आणि शरीरात कधी काही वेगळं जाणवलं, एखादी गाठ लागली, नको तिथून रक्त दिसलं, तर लाजू नका, बहिणीला सांगा, नवऱ्याला सांगा, डॉक्टरला तर सांगाच. वर्षानुवर्षं पोटात ठेवणं हे माझं काम. त्यासाठीच मला बनवलंय. तुम्हाला नाही.